विचलन शून्य

गुण आले तेवीस. शंभरापैकी.

वृषालीनं पत्र दोनदा वाचलं, पंचिंग मशीन पुढ्यात ओढलं आणि पत्राला भोकं पाडायला सुरुवात केली. फायलीला लावायला दोन पुरतात. तिनं अकरा पाडली. कागदाच्या टिकल्या टेबलभर सांडल्या त्या तिनंच गोळा केल्या, कारण ऑफिस झाडायचं कामही तिच्याकडेच होतं. उंबरदरा हिरडा उत्पादक कंपनीत व्यवस्थापक, कारकून, शिपाई आणि संगणक विभाग अशी चार पदं होती आणि चारही पदांवर मिळून एक बाई होती. बाणेरवाल्यांच्या भाषेत याला सपाट रचना म्हणतात. त्या रचनेचे वेगळे गुण मिळाले होते. तीन.

बाणेरवाले म्हणजे पुण्यातली एक संस्था. तिचं खरं नाव चार शब्दांचं आणि चारही शब्द इंग्रजी, म्हणून गावानं ते पत्त्यावरून सोपं करून टाकलं होतं. खेड्यापाड्यातल्या कंपन्यांना मदत करणं हे तिचं काम. पण मदतीआधी ती मोजत असे. काय मोजायची, तर 'संघटनेची विध्वंसक नवनिर्मितीची क्षमता'. हे मराठी बाणेरचंच. चाललेलं मोडून एकदम नवं काही उभं करायची धमक तुमच्यात किती आहे, ते चाळीस प्रश्नांत मोजायचं, प्रत्येकाला एक ते पाचमधला आकडा, पाच म्हणजे पूर्ण सहमत. साठ गुण पडले तर मदत. कमी पडले तर प्रशिक्षण, आणि प्रशिक्षण झालं की पुन्हा मोजणी.

उंबरदऱ्याला मदत हवी होती ती एका ओट्याची. लांबलचक ओटा, त्याच्यावर काचेचं छप्पर, आत हिरडा वाळवायचा. बाकी काही नको. बाळहिरडा कोवळा असतानाच झाडावरून काढतात, ऐन उन्हाळ्यात, आणि अंगणात नऊ-दहा दिवस वाळवतात. तेवढ्या दिवसांत कधीही आभाळ आलं की कारभार आटोपला. भिजलेला हिरडा काळा पडतो, बुरशी धरतो आणि मंचरचा व्यापारी तो पायानं बाजूला सारतो. मागच्या वर्षी बासष्टच्या बासष्ट घरांचा माल असा बाजूला सारला गेला. वृषाली तेव्हा शेजारी उभी होती. व्यापाऱ्याच्या पायात तपकिरी चप्पल होती आणि तिचा अंगठा शिवलेला होता, हे तिला अजून आठवत होतं. झोपेतसुद्धा आठवत होतं.

त्यावरचा उपाय गावातच निघाला होता. बहिरूनं पंधरा वर्षं आळेफाट्याच्या गॅरेजात काढली होती. मागच्या वर्षी पाऊस येऊन गेल्यावर त्यानं ट्रकची तडकलेली पुढची काच घरी आणली, चार दगडांवर ठेवली, आणि ठमाबाईनं तिच्याखाली दोन पाट्या हिरडा पसरून बघितला. ठमाबाई कंपनीची अध्यक्ष, आणि निम्म्या गावाची आत्या. हिरडा चौथ्या दिवशी वाळला. काळा एकही नाही. हाच प्रकार मोठा करायचा, एवढीच उंबरदऱ्याची मागणी होती. चाललेलं मोडून नवं उभं करणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, हे वृषालीला कळलं नव्हतं. पण चाळीस प्रश्नांमध्ये काचेबद्दल प्रश्न नव्हता.

पत्रात तेवीस गुणांचं कारण दिलं होतं: 'बासष्ट सदस्यांच्या चाळीसही उत्तरांमध्ये विचलन शून्य आढळले. मतभिन्नतेचा असा संपूर्ण अभाव असलेल्या संघटनेत प्रस्थापिताला आव्हान देण्याची क्षमता विकसित होणे संभवनीय वाटत नाही.'

म्हणजे बासष्ट माणसांनी चाळीस प्रश्नांना अगदी सारखी उत्तरं दिली होती. आणि फॉर्म वाटताना वृषालीनं एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली होती, की बाबांनो, ज्याचा त्यानं भरा, शेजाऱ्याला विचारू नका. फॉर्म गोळा झाले त्या आठवड्यात ती कंपनीच्या कागदांसाठी घोडेगावला हेलपाटे घालत होती. परत आली तर गठ्ठा तयार, नीट बांधलेला. तिनं न उघडता पाठवून दिला होता. आता त्या आपल्या न उघडण्याचाही तिला राग आला.

ती पत्र घेऊन सरळ रखमाजीच्या शेतावर गेली. तिथं पडकई चालू होती.

भात निघालं की डोंगरउतारावरची खाचरं नीट करायची असतात. ढासळलेले बांध पुन्हा रचायचे, दगड उपसायचे, माती ओढून सपाट करायची. हे एका घराच्यानं होत नाही. म्हणून आज सगळं गाव याच्या रानात, उद्या सगळं गाव त्याच्या रानात. याला पडकई म्हणतात. तिचा एकच नियम, पडकईच्या जागी कुणी नुसतं उभं राहायचं नाही. बाणेरचा मोहित जानेवारीत फॉर्म द्यायला आला तेव्हा बांधावर उभा राहून फोटो काढत होता, तर ठमाबाईनं त्याच्यापुढं दगडाची पाटी धरली होती. "पायात बूट आहेत माझ्या," असं तो म्हणाला. बूट काढता येतात, हे सांगायचं सगळ्यांनी सभ्यपणानं टाळलं होतं.

"आत्या, फॉर्म कुणी भरले?" वृषालीनं लांबूनच विचारलं.

"आमी."

"आमी म्हणजे कोण?"

"आमी म्हंजे आमी." ठमाबाईच्या डोक्यावर पाटी होती, ती तिनं उतरवली नाही. "तुला काय येगळं म्हाईत हाय का?"

"ज्याचा त्यानं भरा म्हणून घसा कोरडा केला मी!"

"अगं, ज्याचा त्यानं कसा भरनार? कंपनी काय ज्याची त्याची हाय? पडकईतच बसलो की सगळी, दुपारच्या भाकरीला. ह्यो बहिरू एकेक सवाल वाचायचा. मंग बोलायचं. सगळ्यांचं एक झालं की पुढचा सवाल. तीन दुपारी गेल्या. फुकट न्हाई भरले, पोरी."

"कापी केली आसं वाटलं काय त्यान्ला?" बहिरूनं पहारीवर हात टेकून विचारलं.

"कॉपीच वाटली."

"आन् कापी केली कुनाची? पयला तर कुनीच नव्हता."

चार बायका हसल्या. वृषाली हसली नाही. तिनं पत्र वर धरलं. अकरा भोकांतून ऊन आरपार येत होतं.

"तेवीस गुण! हसा. ओटा गेला, हसा. बाणेरवाले म्हणतात, तुम्हाला डोकंच नाही, एकानं मान हलवली की बासष्ट हलवतात. यंदा पुन्हा हिरडा काळा पडला ना, तर मंचरला तुम्ही जायचं. मी नाही तिथं उभी राहणार."

"हितं पण उभी राहू नको," ठमाबाई म्हणाली. "दगड धर."

वृषालीनं पत्र कमरेला खोचलं आणि रांगेत शिरली. मग दिवस मावळेपर्यंत ती दगड पुढं देत राहिली आणि प्रत्येक दगडाबरोबर एकेक वाक्य सुनावत राहिली. रांगेतल्यांनी दोन्ही झेललं. रखमाजीचा बांध त्या दिवशी नेहमीपेक्षा वीतभर उंच झाला. रखमाजी मात्र दिवसभर तोंडातून शब्द काढत नव्हता, आणि वृषालीला वाटलं, याला तरी शरम वाटते आहे.

चार दिवसांनी मोहित आला. मोहित कळंबचा. कळंबला त्यांची बागायत, बंगला, दारात ट्रॅक्टर. शिक्षण पुण्यात, बोलणं पुण्याच्याही पलीकडचं. त्यानं जीपमधून नव्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला, वृषालीच्या टेबलावर ठेवला, आणि दार नीट लागलं आहे का ते बघितलं.

"वृषाली मॅडम, पर्सनली मला तुमच्या लोकांचं काम आवडलंय."

"गुणांत दिसलं."

"तेच सांगायला आलोय. उत्तरं तुमची चांगलीच होती. अडकलंय फक्त विचलनावर. सॉफ्टवेअरला वाटतं एकाच माणसानं बासष्ट फॉर्म भरले."

"बासष्ट माणसांनी एक भरला."

"त्याला आमच्याकडे रकाना नाही." हे तो अगदी मनापासून म्हणाला. मग त्यानं आवाज खाली आणला. "साठ पार करायला फार लागत नाही. कुणाचा दोन घाला, कुणाचा चार. सात-आठ जण ठार विरोधात दाखवा. तुम्ही सगळ्यांना ओळखता, तुम्हीच बसून भरा. मी काही बघितलेलं नाही. गुरुवारी येतो, गठ्ठा नेतो. आमच्या येत्या बैठकीत मंजूर झालं तर हिरड्याच्या आधी ओटा उभा राहील."

"आणि नाही भरले तर?"

"तर प्रशिक्षण. पावसाळ्यात."

तो गेल्यावर वृषालीनं एका रिकाम्या लिफाफ्याला सहा भोकं पाडली. मग पेन घेतलं. तिच्या डोळ्यांपुढं तपकिरी चप्पल होती. बासष्ट घरांचा हिरडा एका बाजूला, आणि चाळीस आकड्यांचं वरखाली दुसऱ्या बाजूला. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भरायला लागली.

आणि भरता येत होतं, हे वाईट. एकतीस वर्षं त्याच गावात काढल्यावर कोण कशाला फाटे फोडेल हे विचारावं लागत नाही. सावळेराम कशालाही हो म्हणायच्या आधी नाही म्हणतो, त्याला सगळीकडे दोन. 'आमच्या संघटनेत अपयशाचं स्वागत होतं' याला संपतचा एक, कारण संपतच्या कोंबड्या मेल्या तेव्हा गाव हसलं होतं. 'मी वरिष्ठांना न घाबरता विरोध करतो' याला ठमाबाईच्या वेगळं राहणाऱ्या सुनेचा पाच, आणि हा खोटा नव्हता. दुपारपर्यंत चौतीस फॉर्म झाले. सरपंचाच्या निवडणुकीतही गाव इतकं फुटलं नव्हतं, जेवढं तिनं एका टेबलावर फोडून दाखवलं. भाऊ भावाच्या विरोधात, जाऊ जावेच्या विरोधात. कागदावर उंबरदरा रसातळाला चालला होता आणि गुण चढत होते.

पस्तिसावा फॉर्म रखमाजीचा. ती सतराव्या प्रश्नावर होती तेव्हा रखमाजी दारात आला. त्याला गोदामाची किल्ली हवी होती, आत पहार होती.

"खिळ्याला आहे, काका. घ्या."

त्यानं किल्ली घेतली आणि टेबलापाशी थांबला. रखमाजीला वाचता फारसं येत नव्हतं. स्वतःचं नाव यायचं आणि आकडे यायचे.

"हे माज्या नावाचं हाय."

"हो."

"ह्यो दोन कशाचा?"

वृषालीनं प्रश्न वाचून दाखवला. "गरज पडल्यास आमची संघटना आपली आजची चालू, यशस्वी पद्धत स्वतःहून मोडू शकते."

रखमाजी खुर्चीवर बसला. तो कधी त्या खुर्चीवर बसत नसे.

"तुला त्यांनी सांगितलं न्हाई व्हय? ह्या सवालावर अर्धा दिस गेला. माज्यापायी गेला."

मग त्यानं सांगितलं. बहिरूनं सतरावा प्रश्न वाचला तेव्हा ठमाबाई म्हणाली, की आपली चालू पद्धत कोणती, तर ज्याचा हिरडा त्याच्या अंगणात. ओटा झाला तर काच सगळ्यांना एका टायमाला पुरायची नाही. मग पहिला माल कोणाचा ठेवायचा? भांडणं होतील. त्यापेक्षा सगळ्यांचा हिरडा एकत्र करायचा, एकच रास, एकच वाळवण. भिजला तर सगळ्यांचा, वाळला तर सगळ्यांचा. बायामाणसं एकेक करत हो म्हणत गेली. रखमाजी उठला आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसला.

कारण कुशाबाई. त्याची बायको. कुशाबाईसारखा हिरडा अख्ख्या खोऱ्यात कोणी वाळवत नव्हतं. मूठभर हिरडा कानाशी धरून ती हलवायची आणि आवाजावरून सांगायची, वाळला की अजून एक ऊन पाहिजे. मंचरचा व्यापारी दादाभाऊ तिचं पोतं न उघडता, नुसतं हलवून ओळखायचा. तिचा माल रास करून बासष्ट घरांत मिसळायचा म्हणजे तिचं नाव पुसायचं.

"म्या म्हनलं, मरू दे तो ओटा. चाळीस वर्सं तिनं कान दुखवून घेतला. ती रास झाली की कोन इचारतंय कुशाबाई कोन म्हनून?" रखमाजी किल्ली बोटावर फिरवत होता. "मी बसलो तिकडं. तर ह्यांनी काम थांबवलं. सगळ्यांनी. कुनी बोलवाया आलं न्हाई, कुनी शिवी दिली न्हाई. नुसती बसून ऱ्हायली, दगड हातात घिऊन. लई राग आला मला. भांडली असती तर बरं झालं आसतं."

"मग?"

"मंग तीच आली. कुशा. म्हनली, तुमी माज्यासाठी रुसलाय, तर मला तर इचारलं न्हाई. म्हनली, रास करू द्या. पर वाळला का न्हाई ते मी सांगनार. बासष्ट घरांचं. माज्या कानाखालनं गेल्याबिगर पोतं शिवायचं न्हाई." तो जरा थांबला. "मंग मी पाच म्हनलो. पोरी, बाकीच्यांचा पाच असंल फुकटचा. माजा पाच लई म्हाग पडलाय मला. त्याचा दोन करू नको."

तो किल्ली घेऊन निघून गेला. वृषालीला राग आला, आणि तो नेमका कोणावर हे लागेना म्हणून जास्तच आला. बाणेरवर यावा तर पेन तिच्याच हातात होतं. या लोकांवर यावा तर त्यांनी बाणेरनं जे मोजायला माणूस पाठवला होता नेमकं तेच, भाकरी खाता खाता, करून टाकलं होतं. चाळीस वर्षांची पद्धत अर्ध्या दिवसात मोडली. शंभर कंपन्यांनी ही प्रश्नावली भरली असेल. ती वाचून खरोखर काही मोडलं असेल तर ते फक्त उंबरदऱ्यानं. आणि त्याचे गुण तेवीस, कारण एकमत झालं. भांडून झालेलं एकमत आणि न भांडता झालेलं एकमत यांतला फरक त्या सॉफ्टवेअरला दिसत नव्हता, आणि ती सकाळपासून बसून खोटी भांडणं लावत होती, ती दिसावीत म्हणून.

तिनं पस्तीस फॉर्म उभे फाडले. पंचिंग मशीनला हात लावला नाही. ते काम आता भोकांनी भागणारं नव्हतं.

गुरुवारी मोहित आला तेव्हा तिनं पत्राबरोबर परत आलेले जुने बासष्ट फॉर्म त्याच्यापुढं ठेवले.

"हे तर आधीचेच."

"हेच आहेत. दुसरे नाहीत. आणि हा एक तुमच्यासाठी." तिनं एक कोरा फॉर्म सरकवला. "बाणेरसाठी भरा. ज्याचा त्यानं. इथंच बसून. मी बघत नाही."

मोहित हसला. त्यानं फॉर्म ओढला, गंमत म्हणून एकामागून एक आकड्यांना गोल केले, पेन पटापट चालत होतं. सतराव्याला पेन थांबलं.

"भरा की. तुमची आजची चालू पद्धत म्हणजे हा फॉर्म. मोडू शकता?"

"मॅडम, हे बघा, प्रोसेस..."

"एक ते पाच."

"आमाला कोन इचारतंय ओ!" तो एकदम बोलून गेला. कळंब तोंडातून बाहेर आलं होतं आणि आता आत जायला तयार नव्हतं. "आमी पन भरतो वर्षाला. आमची पन मोजनी व्हती. मोठ्या मॅडम दारात उभ्या ऱ्हात्यात. सगळीच्या सगळी पाच लिव्हत्यात. कोन दोन लिव्हील?"

"मग तुमचे गुण किती?"

"एक्क्याण्णव."

"आणि विचलन?"

मोहितनं खिडकीबाहेर बघितलं. "ते घालायला एक मुलगी ठेवलीय."

हे ऐकून वृषालीला हसू यायला हवं होतं. नाही आलं. हिरडा काढणीला यायला पाच आठवडे राहिले होते आणि ज्यांनी तिच्या गावाला बिनडोक ठरवलं त्यांच्याकडे मतभेद तयार करायला पगारी माणूस होता. तिनं टेबलावर हात आपटला तेव्हा पंचिंग मशीन उडून खाली पडलं आणि त्याचं पोट उघडून सगळ्या टिकल्या मोहितच्या बुटांवर सांडल्या.

"तुमच्याकडे माणसं नुसती उभी राहतात," ती म्हणाली. "दारात एक, बांधावर एक. आणि गुण द्यायला मात्र पुढं."

"ओटा नाय मिळायचा मॅडम," मोहित खाली बघत म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण त्याच्या वाईट वाटण्यालाही बाणेरला रकाना नव्हता.

"कळलं. जाताना कोरे फॉर्म राहू द्या इथं. रद्दी लागते."

रखमाजीच्या रानातली पडकई संपली की सावळेरामच्या रानात जायची होती. पण पडकई तिकडे गेलीच नाही. ती गावाच्या वरच्या अंगाला, शाळेमागच्या उघड्या उतारावर गेली. सावळेराम आधी नाही म्हणाला, मग पहिला दगड त्यानंच आणला. खाचराचा बांध रचतात तसाच ओटा रचायचा होता, सिमेंटविना, दगडावर दगड बसवून. हे काम बाणेरला मागायला कशाला गेलो होतो, असं बहिरू म्हणाला. यावर सगळे घाईनं पुढचा दगड उचलायला वळले, कारण तो अर्ज वृषालीनं लिहिला होता आणि ती हातात दगड घेऊन शेजारीच होती.

काचा मिळाल्या चौदा. लागणार होत्या तीस. बहिरू आळेफाट्याला तीनदा जाऊन आला, ओळखीची सगळी गॅरेजं धुंडाळली. पण ट्रकच्या तडकलेल्या काचा हव्या तेव्हा तडकत नाहीत. टेंपोतून आल्या त्या चौदा. सगळ्या वेगवेगळ्या वळणाच्या, एकीची कड दुसरीला लागत नव्हती. वाफ जायला वर एक फट, वारा यायला खाली एक फट, बाकीच्या बुजवायच्या होत्या. ठमाबाईनं तांदळाची खळ शिजवली. वृषालीनं कोरे फॉर्म काढले, फाडलेले काढले, पट्ट्या केल्या, आणि फटींवर तीन-तीन पदरी चिकटवल्या. बाणेरचा कागद जाड होता. ते एक त्यांनी चांगलं केलं होतं. काचेखाली हिरडा चाळवायला वाकलं की डोक्यावर अक्षरं दिसायची, उलटी: 'पूर्ण सहमत', 'पूर्ण असहमत'.

हिरडा आला. रास एकच झाली. चौदा काचांखाली मावला तेवढा गेला, निम्म्याहून थोडा कमी, बाकीचा अंगणांत. तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेकडून आभाळ चढलं आणि तासभर कोसळलं. अंगणातला माल घरात ओढेपर्यंत भिजला. ओट्यावरच्या पट्ट्या ओल्या होऊन फुगल्या, एक सुटली. तिथं बहिरू पावसात पाठ लावून बसून राहिला, तासभर, काचेला पाठ, शिव्या देत. कोणाला देत होता ते त्यानं स्पष्ट केलं नाही.

दोन दिवसांनी कुशाबाई ओट्याशी आली. तिनं मूठभर हिरडा घेतला, डोळे मिटले आणि कानाशी हलवला. रखमाजी लांब उभा होता. उभा राहायला नको होता, पण त्या दिवशी त्याला कोणी पाटी दिली नाही.

"आजून एक ऊन," कुशाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. संध्याकाळी तिनं पुन्हा मूठ हलवली आणि बाकी काही न बोलता पोतं पुढं ओढलं.

मंचरला वृषालीच गेली. दादाभाऊच्या पायात तीच तपकिरी चप्पल होती. मागच्या वर्षीच्या सवयीनं त्याचा पाय पहिल्या पोत्याकडे निघाला.

"पाय मागं घ्या, दादाभाऊ," वृषाली म्हणाली. मोठ्यानं नाही म्हणाली. पण शेजारच्या गाळ्यातला काटा लावणारा थांबून बघायला लागला.

दादाभाऊनं पाय मागं घेतला. पोतं दोन्ही हातांनी धरून हलवलं. मग दुसरं. मग तिसरं, चौथं. त्याच्या कपाळावर आठी आली.

"हे तर कुशाबाईचं व्हय ना? एवढं? तिच्या घरची झाडं कितीशी हाइत?"

"बासष्ट घरांचं आहे."

"काय सांगती! सगळं येकसारखं वाजतंय की."

"हो," वृषाली म्हणाली. "विचलन शून्य."

दादाभाऊला ते कळलं नाही आणि तिनं समजावलं नाही. निम्म्याहून जास्त माल गावात काळा पडून होता, तो राशीतला होता म्हणजे सगळ्यांचा होता, आणि त्यातला हिरडा न् हिरडा तिच्या डोळ्यांपुढं होता. बाणेरहून पावसाळ्यातल्या प्रशिक्षणाचं पत्र आलं होतं, विषय होता 'संघटनेत मतभेद कसे रुजवावेत'. ते तिनं फायलीला लावलं नव्हतं. पुढच्या वर्षी अजून सोळा काचा लागणार होत्या, आणि फटींना कागद.